पैलवान मुंजाजीच्या लेकीचं बारसं

ताडकळसच्या मुंजाजी पैलवानाला फडात कुणाची भीती वाटल्याचं गावाला ठाऊक नव्हतं. पण लेक झाली आणि गडी पार हबकला. पोखर्णीला सासुरवाडीत जाऊन त्यानं बाळ उंबऱ्यातूनच पाहिलं. उचलून घ्यायला काही धजला नाही, आणि मेव्हण्यांना चिडवायला आयतंच निमित्त मिळालं.

बारशाला तर त्यानं कहर केला. त्याची बहीण राजेश्री आत्या म्हणून पाळण्यावर वाकली, तोच हा म्हणाला, "दगडाबाई नाव ठेव."

बाया खो खो हसल्या. लेकरं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून असलं ओबडधोबड नाव ठेवतात. इथं तर पहिलंच बाळ, गुटगुटीत, रडायला लागलं की गल्ली जागी करणारं.

बायकोनं, प्रियांकानं, त्याला आतल्या खोलीत नेलं. "काय झालंय तुमाला?"

मुंजाजी भिंतीकडं बघत बोलला. लग्नाआधी अंग लवकर भरावं म्हणून त्यानं ताकदीच्या सुया टोचून घेतल्या होत्या. त्याचे भोग लेकरांना येतात असं पुढं कानावर आलं, तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता.

"माझ्या हावरेपणापायी हिला काय झालं तर?"

"झोपेत बडबडला तुमी, तवाच कळलं मला. डॉक्टरीणबाईला इचारलं मी. त्या म्हणल्या, असल्या सुयांनी आधी मूल व्हायलाच अडचण येती. लेकरावर काय हुतंय, ते अजून पक्कं कुणालाच सांगता येत न्हाई. पण तुमी सोडून लय दिवस झाले, अन् पोरगी तपासली तर ठणठणीत हाय. दाखवत ऱ्हायचं, बस."

"मग नाव?"

"नावानं काय हुतंय? तुमच्या तालमीतली पोरं त्याच सुया घ्यायलीत. त्यांना सांगा."

ती पोरं बाहेर मांडवात जेवायला बसली होती. मुंजाजी ताडताड गेला आणि सासऱ्यादेखत, सगळ्या पंगतीसमोर, आपल्या सुया आणि आपली भीती मोठ्यानं सांगून मोकळा झाला. लाज वाटली, पण छातीवरचं ओझंही उतरलं.

आत्यानं मग बाळाच्या कानात 'सृष्टी' म्हटलं, आणि प्रियांकानं लेक त्याच्या मांडीवर दिली. दिल्या दिल्या लेकीनं बापाचा नवा पांढरा सदरा ओला केला. मेव्हणी हसत तिला घ्यायला धावली, तसा मुंजाजी पाठ फिरवून बसला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "आज कुणाला देत नसतो मी हिला."