सुमनआत्या, ठमी आणि गोचिडाचं औषध

आमच्या सुमनआत्याला आज जाळून आलो.

रडायला फारसं कुणी नव्हतं. ज्यांनी रडायचं, ते हयातभर तिच्यापासून हातभर लांब बसले.

आत्याच्या अंगावर कोड होतं. लग्नानंतर डाग दिसले आणि सासरच्यांनी तिला राजुरीला, माहेरी आणून सोडलं.
परत न्यायला कुणी आलं नाही.

तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. त्यांनी बहिणीला गोठ्याशेजारची खोली दिली. ताट वेगळं, तांब्या वेगळा.

कोड लागत नाही, हे कॉलेजला गेल्यावर मी घरात सांगून पाहिलं.
काकी, म्हणजे तात्यांची बायको, म्हणाली, "तू शिकलायस, तू जेव तिच्या ताटात."
जेवलो.
मग माझंही ताट वेगळं झालं.

आत्याच्या मांडीवर बिनधास्त जाऊन बसणारं घरात एकच होतं. ठमी. तिची करडी मांजर.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. ठमीच्या कानांच्या कडांना खपल्या धरल्या. मग कपाळाला, डोळ्यांच्या वर. केस गेले, कातडी जाड होऊन सुरकुतली. खाजवून खाजवून रक्त काढायची.

काकी ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "सुमनचंच लागलंय मांजराला."

मी आत्याला लुनावर बसवलं. तिच्या मांडीवर टोपली, टोपलीत ठमी, वरून फडकं बांधलेलं. गेलो जनावरांच्या दवाखान्यात. गाई-म्हशी घेऊन आलेले लोक हसले.
डॉक्टर हसले नाहीत.

"खरूज आहे. कातडीत बारीक किडे असतात," म्हणाले. इंजेक्शन दिलं. दुसरं द्यायला परत बोलावलं.
"गोचिडाचं औषध, फिनेल, जळकं ऑइल, काही लावायचं नाही. मांजर स्वतःला चाटतं. अंगाला लावाल ते पोटात जातं. आणि गोचिडाचं औषध तर नुसतं कातडीतूनही भिनतं. मरेल."

आत्याच्या मनगटावरही लाल पुरळ उठलं होतं. ते तिनं लपवत लपवत दाखवलं.
"मांजराची खरूज माणसात टिकत नाही. ती बरी झाली की तुमचं आपोआप जाईल."

आत्यानं ठमीच्या अंथरुणाची चिंधी न् चिंधी उकळत्या पाण्यात धुतली. उन्हात घातली. खपल्या मऊ व्हाव्यात म्हणून खोबरेलाचं बोट फिरवायची.
तिचं पुरळ गेलं. ठमीच्या कानांवर बारीक लव आली.

डॉक्टरांनी काय काय लावू नका म्हणून सांगितलंय, ते आत्यानं तात्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग तात्यांच्या मुलीला बघायला घोडेगावकडचे पाहुणे यायचे ठरलं. तात्यांनी आत्याला त्या दिवसापुरतं येडगावला नातेवाइकांकडे पाठवलं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मीही कॉलेजला.

मांजर मात्र अंगणातच होतं.

तात्यांनी ठमीला गोणपाटात धरली आणि गाईंचं गोचिडाचं औषध, पाणी न घालता, तिच्या अंगाला चोळलं. उघड्या हातांनी.

संध्याकाळी आत्या आली तेव्हा ठमी वैरणीमागं थडथडत होती. तोंडाला फेस. आत्यानं भांड्याच्या साबणानं तिला धुतली, पुन्हा धुतली, पदरात गुंडाळली. दवाखाना बंद झालेला.

सकाळी शेण काढायच्या वेळेला ठमी मेली.

"गाय मरत न्हाई, अन् मांजर मरतंय व्हय," तात्या म्हणाले. "बरं झालं. तिची खाज तरी मिटली. आता तुझीच राह्यली."
काकी हसली.

आत्यानं ठमीला उचललं. बांधाला खड्डा खणून आली आणि भाकरी थापायला बसली.

आठवडाभरात तात्यांच्या दोन्ही हातांवर पुरळ उठलं. कोपरापर्यंत.

साखरपुड्याला ते फुल बाह्यांचा शर्ट घालून बसले आणि बाहीतून खाजवत राहिले. व्याह्यांकडची एक बाई आमच्या काकीला हळूच म्हणाली, "घराण्यातच हाय का वो काही?"
त्या दिवसापासून काकीनं नवऱ्याचं ताट वेगळं केलं.

एका दुपारी तात्या आत्याच्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदा. मी तिथंच होतो.

"सुमे, हे कोड तर न्हाई ना?"

आत्यानं त्यांचा हात हातात घेतला. उजेडात धरला. लई वेळ बघितला.

"माझंबी असंच सुरू झालं व्हतं," ती म्हणाली.

तात्या पायरीवर बसले. आत्या तांदूळ निवडत राहिली.

ते गेल्यावर मी म्हणालो, "आत्या, ते आपोआप जाईल हे तुला माहितीये की."
"म्हाईत हाय."
"मग?"
"त्यालाबी कळंल की. पुरळ गेल्यावर."

मला अजिबात वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. मीही तात्यांना काही सांगितलं नाही.

पुरळ गेलं. लग्नही झालं, पोरगी सुखात आहे. पण तात्यांची भीती गेली नाही. पुढं कित्येक वर्षं सकाळी अंगणात उभं राहून हात उलटेपालटे करून बघायचे. काकीनं ताट काही परत एकत्र केलं नाही. तिचं म्हणणं, खात्री कोण देणार?

आत्यानं पुन्हा मांजर पाळलं नाही.

आज नदीवर चिता पेटल्यावर तात्या माझ्याजवळ आले. ऐंशीच्या पुढचे आहेत आता.

"दवाखान्यात तूच व्हता तिच्यापाशी. शेवटी माझ्याबद्दल काय बोलली का?"

"नाही."

"कायच न्हाई?"

"नाही तात्या. तिनं तुमचं नावसुद्धा काढलं नाही."

ते थांबले. मी आणखी काही सांगेन असं वाटलं असावं त्यांना.
मी चितेकडं बघत राहिलो.

आत्या, नीट जा.
तू हयात असताना तुझ्या पायांना हात लावणारे आम्ही मोजकेच होतो. आज परत एकदा लावला.