बॅरिटोन जावयाची चौकशी

मस्कतपासून दोन तासांच्या वाटेवर असलेल्या इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मजीद परकारांचे कापडाचे दुकान आहे. आलेला प्रत्येक तागा मजीदभाई आधी मुठीत चुरगळतात, मग उजेडात धरतात आणि शेवटी नाकाला लावतात. माणसेही ते तशीच पारखतात, फक्त नाकाला लावत नाहीत. त्याला कारणही होते. त्यांच्या थोरल्या बहिणीला 'मॅनेजर' म्हणून सांगून आलेल्या नवऱ्याची पहिली बायको सलालात सुखाने नांदत होती, हे निकाह झाल्यावर कळले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मजीदभाई पाणीही फुंकून पीत.

म्हणून मस्कतच्या शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या हिबाने तिथल्याच संगीत मास्तराशी, रय्यानशी, लग्न करायचे म्हटले, तेव्हा त्यांनी पहिला फोन सोहारला राहणाऱ्या, साऱ्या घरांची खबर ठेवणाऱ्या आपल्या जुन्या दोस्ताला, बाबामियाँना लावला. बाबामियाँनी कुंडलीच काढून दिली. रय्यानचे वडील बंदरावर क्रेन चालवायचे, आता हयात नाहीत. पोराचा आवाज फुटला तो असा जाड झाला, की फोनवर लोक त्याला बापच समजत. शाळेच्या समारंभात एका परदेशी बाईंनी त्याला ऐकले आणि शिकवायला घेतले. पुढे आई दिलशादने बांगड्या मोडून त्याला इटलीला धाडले. तिथे ऑपेराच्या मागच्या रांगेत हातात भाला घेऊन तो इतरांबरोबर गात राहिला. मस्कतला परतल्यावर कुठे त्याला नावानिशी भूमिका मिळू लागल्या.

"ह्या आवाजाला बॅरिटोन म्हणतात," बाबामियाँ म्हणाले. "नायक बारीक आवाजाचा असतो. ह्याच्या वाट्याला बाप, वजीर नाहीतर खलनायक."

"म्हणजे जन्मभर पोरगी दुसराच नेणार आणि हा बघत राहणार?" मजीदभाईंनी विचारले. त्यांच्या बायकोने, अमीरुन्निसाने, स्टेजवरची कुणीही नेऊ दे, असे म्हणून तो विषय मिटवला.

शुक्रवारी मायलेक इब्राला आले. उंचापुरा, देखणा मुलगा. पण तोंडातून शब्द नाही. गाव कुठले विचारले तर आईने सांगितले. इटलीत जेवणाचे काय करायचा, तेही आईनेच सांगितले. हा नुसता मान हलवी आणि कोमट पाणी पिई. उद्या दुपारी त्याचा खेळ आहे, वजिराची भूमिका आहे, म्हणून गळ्याला विश्रांती देतोय, असे हिबाने सांगितले. तेवढ्याने मजीदभाईंचे समाधान होणार नव्हते. गवई आणि मुका? कुठेतरी पाणी मुरत होते.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बायकोला घेऊन मस्कतला गेले आणि तिकीट काढून ऑपेरा हाऊसात बसले. वजीर रंगमंचावर आला. गोरा, बुटका, पोट सुटलेला. रय्यान नव्हेच.

"बघ," मजीदभाई बायकोच्या कानात म्हणाले. आपला संशय खरा ठरल्याचा त्यांना क्षणभर आनंद झाला. मग हिबाचा चेहरा आठवला आणि तो आनंद घशाखाली उतरेना.

मध्यंतरात बाहेरच्या खांबाशी मायलेक उभे दिसले. आपल्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला ऐकायला रय्यान आला होता. मजीदभाईंनी सरळ जाऊन जाब विचारला. दिलशाद रडायलाच लागली. रय्यानच्या स्वरतंतूवर गाठ होती. चार दिवसांनी ऑपरेशन होते, तोवर एक शब्दही बोलायला डॉक्टरांनी बंदी घातली होती. आवाज परत येईल, याची खात्री नव्हती. आवाज गेलेल्या गवयाला मुलगी कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने ती झाकून ठेवली. हिबाला हे सगळे ठाऊक होते.

हे शेवटचे मजीदभाईंना फार लागले. त्यांचे स्वतःचे लेकरू त्यांच्याशी खोटे बोलले होते.

"आईच्या तोंडून नको," ते म्हणाले. "ह्याच्या तोंडून ऐकायचंय मला. पोरगी माझी मागतोय ना हा?"

दिलशादने मुलाची बाही घट्ट धरली. त्याने तिचा हात हळूच बाजूला केला, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडले.

"चाचा..."

जुने कापड फाटावे तसा आवाज आला. तो आवाज मजीदभाई जन्मभर ऐकत आले होते. तशी चीर एकदा गेली की पुढे कुठवर जाईल, सांगता येत नाही. त्यांनी पुढे होऊन त्याच्या तोंडावर तळहात दाबला.

"खलास, पुरे झालं," ते म्हणाले. "बोलू नको. मी नाही विचारत काही."

रय्यानच्या डोळ्यांतून पाणी आले आणि मजीदभाईंच्या बोटांवरून ओघळले. तरी त्यांनी हात काढला नाही. पोरगा अजून बोलेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

परतीच्या वाटेवर बिदबिद गाव मागे पडेपर्यंत त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. अमीरुन्निसाला वाटले, आता हे नाही म्हणणार. तिने उद्या हिबाला काय सांगायचे, तेही मनात जुळवून ठेवले. मग मजीदभाईंनी गाडी कडेला घेतली आणि बाबामियाँना फोन लावला.

"एक डॉक्टर आहे, गळ्याचा," ते म्हणाले. "चार दिवसांनी आमच्या जावयाला कापणार आहे. तो कुठला, कुठे शिकला, आजवर कुणाकुणाचे गळे त्याने बिघडवले, सगळं काढ. मला त्या माणसाचा भरवसा वाटत नाही."