आधी वाचून होऊ दे

पद्माअक्का गेल्याचं सांगायला तिच्या नवऱ्याचा, भावजींचा फोन आला, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. शुक्रवार पेठेतल्या घरी, झोपेतच गेली, असं ते म्हणाले. दुखण्यानं तिला इतकं पोखरलं होतं की शेवटी तरी शांत झोप लागावी, एवढंच आम्ही सगळे मागत होतो... ती लागली.

अक्का माझी नात्यानं कुणी नव्हती. सोलापुरातल्या एका रक्तपेढीच्या संगणक विभागात आम्ही शेजारी बसायचो. मी केम गावची, शेतकऱ्याच्या घरातली. ती इथल्याच तेलुगू विणकरांची. मी नवी असताना तोंडातून सारखं ‘न्हाय’ निघायचं आणि मी ओशाळायचे. अक्का म्हणाली, तसंच बोलत जा, तालुक्याची माणसं तुझ्याशीच मोकळी होतील. आणि झालंही तसंच.

तेव्हा तालुक्याच्या रक्तसाठवण केंद्रांना आमच्याकडून अख्ख्या डेटाबेसची, म्हणजे संगणकातल्या सगळ्या नोंदींची, प्रत रोज संध्याकाळी एकदाच जायची. दिवसभर इथं जे बदलायचं ते तिकडं दुसऱ्या दिवशी दिसायचं. एकदा माळशिरसहून एक माणूस बायकोसाठी रक्ताची पिशवी न्यायला आला. तिकडच्या पडद्यावर ती दिसत होती, पण इथून ती आधीच दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. त्याची सोय दुसरीकडून झाली, तरी बाकावर डोक्याला हात लावून बसलेला तो माणूस अक्काच्या मनातून जाईना. डेटाबेस कुठलाही बदल पक्का करण्याआधी आपल्या जर्नल फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काही हरवत नाही. अक्का म्हणाली, मग ते जर्नलच आपण सतत वाचत राहिलो तर? खिडकीवरचं काम अडणार नाही, आणि इथली नोंद काही क्षणांत माळशिरसला पोचेल. साहेब म्हणत, चालतंय ते कशाला मोडायचं. अक्कानं वाद घातला नाही. माळशिरसपुरतं करून दाखवलं, आणि ते बघून बाकीच्या केंद्रांनी स्वतःहून मागणी केली.

या वाचनाला एकच गोष्ट जपावी लागते. आपण कुठवर वाचलं हे लक्षात ठेवायचं. लाइन तुटली तर थांबायचं, आली की तिथूनच पुढं. गेल्या उन्हाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटली आणि वाचन थांबलं. न वाचलेल्या फाइली साचत गेल्या, डिस्क भरत आली. ती पूर्ण भरली असती तर रक्तपेढीचं सगळंच काम बंद पडलं असतं. आमचा सहकारी बसवराज जुन्या फाइली पुसायला निघाला. एरवी त्यात काही चूक नव्हतं, वाचून झालेल्या फाइली आम्ही पुसतच असू. पण या वाचलेल्या नव्हत्या, आणि त्यांत काय काय अडकलंय हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्का उपचारासाठी दवाखान्यात होती. फोन करावा की नको, असं झालं... शेवटी केला. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, “बसवराजला सांग, दुसऱ्या डिस्कवर हलव. पुसू नको. आधी वाचून होऊ दे.”

त्यानं तसंच केलं. केबल जोडली गेली, वाचन सोडलेल्या जागेपासून सुरू झालं आणि नोंदी भराभर निघाल्या. थोड्याच वेळात माळशिरसच्या केंद्रावरच्या मारुतीभाऊंचा फोन आला.

“म्याडम, पिशवी हातात व्हती, आन् पडद्यावर लाल झाली की. ठिवली बाजूला.”

झालं होतं असं, की रक्त दिलेल्या एकानं फोन करून ताप आल्याचं कळवलं होतं आणि आमच्या खिडकीवरून ती पिशवी रोखून ठेवल्याची नोंद झाली होती. नेमकी तीच नोंद अडकलेल्यांत होती. तिकडं एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. मारुतीभाऊंनी तिला दुसरी पिशवी दिली. मी धावत दवाखान्यात गेले आणि अक्काला सगळं सांगितलं. तिनं फाइलींचं काहीच विचारलं नाही.

“बाई बरी हाय ना?” एवढंच विचारलं, माझ्याच बोलीत. बरी आहे म्हटल्यावर तिनं डोळे मिटले. तिच्या कपाळावरची आठी किती तरी दिवसांनी सैल झालेली मी पाहिली.

दवाखान्यातून ऑफिसात परतल्यावर तिनं सगळं काम माझ्या आणि बसवराजच्याच हातून करवून घेतलं; स्वतः नुसती बघत बसायची. मग ऑफिसला येणं थांबल्यावर एक दिवस म्हणाली, आता विचारायला येऊ नका, गप्पा मारायला या. शेवटच्या भेटीत तिनं ऑफिसचं नावही काढलं नाही. मेथीचं पिठलं खावंसं वाटतंय म्हणाली, आणि दोन घास खाल्लेसुद्धा.

सर्व्हरच्या खोलीत एसीचा गारठा असतो, म्हणून अक्का तिथल्या खुर्चीवर एक चादर ठेवायची, तिच्या वडिलांनी मागावर विणलेली. तिच्या वस्तू न्यायला भावजी आले तेव्हा चादरीवरून बराच वेळ हात फिरवत राहिले, मग म्हणाले, राहू दे इथंच. परवा सर्व्हर बदलायचा होता. आम्ही वाचन मुद्दाम थांबवलं, पुन्हा सुरू केलं. माळशिरसहून सगळं आल्याचा निरोप आला आणि बसवराज चहा सांगायला गेला. मला थंडी वाजत होती. मी चादर अंगावर ओढून घेतली आणि नोंदी जाताना बघत बसले...