खळ्याच्या माळाला माझा विरोध

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हेच सांगताना माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. मला मात्र अजून रडू येतं. डी.एड. झालेली, पेपर रोज वाचणारी, आणि स्वतःच्या लेकीचं नुकसान स्वतःच्या तोंडानं, तेसुद्धा माइकवरून करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. तर ती मी.

गावाचं नाव विचारू नका. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातलंच आहे, आणि मला अजून तिथेच राहायचंय.

तेव्हा ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे पाटी बदलली होती. तीही अशी की, वरचा रंग पातळ पडल्यामुळे खालचं ‘ग्राम’ अजून डोकावायचं. गाव मात्र भसाभस वाढत होतं. हायवेकडच्या बाजूला दर दोन महिन्यांनी नवी बिल्डिंग. माणसं आली, गाड्या आल्या, सांडपाणी आलं. गटारं तेवढी जुनीच राहिली.

त्यातलं एक गटार आमच्या तुलसी पार्कच्या गेटसमोर. उघडं, काळंशार, माझ्या गुडघ्याएवढं खोल.

आणि माझी ओवी चौदा महिन्यांची. नुकती चालायला लागलेली. तुमची मुलं चालायला लागली तेव्हा कुणाकडे गेली? आईकडे, आजीकडे? माझी सरळ गटाराकडे! एकदा तर तिचा एक पाय आत गेलेला, मी फ्रॉकला धरून ओढली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. रात्री डोळे मिटले की गटार, उघडले की ओवी.

नवरा नितीन उंबरगावला कंपनीत, पहिल्या पाळीला. तो म्हणायचा, “अगं, दार लावून घेत जा.” झाला ह्याचा उपाय!

मी अर्ज लिहिला. ‘तुलसी पार्कसमोरील गटारावर झाकण बसवणेबाबत.’ आवक क्रमांक घेतला. मग तीन महिने खिडकीवर खेटे. खिडकीतले लिपिक मान खाली घालून एकच बोलायचे, “तपासून सांगतो.” शेवटच्या खेपेला मान खाली ठेवूनच म्हणाले, “सभेपुढे यावं लागेल.”

बाहेर फळ्यावर नोटीस होतीच. सर्वसाधारण सभा, सकाळी अकरा वाजता.

आता माझं माहेर गंजाडचं. आमच्याकडे ग्रामसभा म्हटली की शाळेच्या पडवीत सगळा गाव. ज्याला बोलायचं तो उठतो, बोलतो, वहीत सही करतो, हात वर करून मत देतो. माझे दादा, म्हणजे वडील, एकही ग्रामसभा चुकवायचे नाहीत. गाव मोठं झालं तर सभाही मोठी होत असेल, एवढंच मला वाटलं. नगरपंचायतीच्या सभेत फक्त निवडून आलेले नगरसेवक बोलतात आणि तुम्हीआम्ही फार तर मागे गप्प बसायचं, हे मला कोण सांगणार? डी.एड.ला नव्हतं हो!

शेजारच्या जयाबेनच्या कडेवर ओवीला दिलं. त्या म्हणाल्या, “जा बेटा. तू भणेली छे ने, शिकलेली, तू बोल! जोरथी बोल!”

हळदीकुंकवाची साडी नेसून मी पावणेअकराला हजर. दारातल्या शिपायानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ताडकन उठला.

“या मॅडम, या! शेवटी आलात तर!”

बघा, अर्जाची दखल घेतली होती तर! त्यानं मला थेट आत नेलं. अर्धगोलात मांडलेली टेबलं, प्रत्येकापुढे माइक, पाण्याची बाटली. गंजाडला सतरंजी असते. मनात म्हटलं, शहर व्हायला लागलं की सुधारणा होतेच.

शिपायानं वही पुढे केली. वरच्या नावांवर त्याचा पंजा पसरलेला. “इथे सही.” मी केली. माझी सही कुणाला वाचता येत नाही. कॉलेजात असताना मोठ्या कौतुकानं बसवली होती तशी.

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी माझा हात दाबला. “आलीस ते बरं केलंस गं. दर खेपेला नवराच येतो तुझा.”

नितीन? सभेला? जो कोथिंबीर आणायला जात नाही तो? मी चाट पडले. पण नवऱ्याबद्दल चारचौघांत काय विचारायचं, म्हणून नुसती हसले.

नंतर कळलं ते आताच सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ नको. त्या खुर्चीच्या खऱ्या नगरसेविका निवडून आल्यापासून एकदाही आल्या नव्हत्या. त्यांचे यजमानच यायचे आणि मागच्या बाकावरून बोलायचे. नेमके त्या दिवशी तेही लग्नाला गेले होते. त्या बाईंचा चेहराच कुणी पाहिलेला नव्हता. साडी नेसलेली, वेळेवर आलेली, घाबरलेली तरुण बाई दिसल्यावर सगळ्यांनी मीच ती असं धरलं.

समोर विषयांचा कागद आला. मी अधाशासारखा वाचला. पाणी, दिवाबत्ती, बाजाराची शेड. तुलसी पार्क कुठेच नाही! आणि सहाव्या नंबरला काय? ‘खळ्याचा माळ येथे बंदिस्त गटार बांधणे.’

तळपायाची आग मस्तकात गेली. माळावर? खळ्यावर? जिथे भात झोडतात तिथे गटाराला झाकण हवंय, आणि माझी पोर इथे उघड्या गटाराच्या काठावर दुडुदुडु चालतेय!

सहावा विषय पुकारला. समोरचे एक वयस्कर नगरसेवक उठले. पांढरा सदरा, हातात जाडजूड फाइल. सगळे त्यांना बाबूकाका म्हणत होते. ते म्हणाले, “हा विषय मी आणलाय. तातडीचा आहे. मंजूर करा.”

मी उठले. दादांची मुलगी ना मी! माइकचं लाल बटण शेजारच्या बाईंनीच दाबून दिलं.

“माझा विरोध आहे!”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“गावात लेकरं गटारात पडायची वेळ आलीय, आणि तुम्ही माळावर झाकणं बसवताय? कुणासाठी? पेंढ्यांसाठी? पेंढा चालत जाऊन गटारात पडतो का?”

“अहो ताई, ऐका तरी…” बाबूकाका म्हणाले.

“ऐकतच आलोय काका, तीन महिने! आज तुम्ही ऐका. माणसं राहतात तिथली गटारं आधी झाका, मग तुमच्या माळाचं बघा!”

टाळ्या! खोटं नाही सांगत, टाळ्या पडल्या. कोपऱ्यातून आवाज आला, “बरोबर बोलतायत ताई! आमच्या प्रभागातपण माणसं राहतात!” दुसरा म्हणाला, “माळाला कशाला गटार? आधी आमच्याकडे द्या!” बघता बघता प्रत्येकाला आपापलं गटार आठवलं. शेजारच्या बाई तर मला म्हणाल्या, “अगं, एवढं बोलतेस, आणि नवऱ्याला काय पाठवतेस?”

मतं घेतली. बाजूनं पाच हात. विरुद्ध बाकीचे सगळे, त्यात सगळ्यांत उंच माझा. विषय नामंजूर!

चहा आला. बिस्किटं आली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण कुणीतरी आहोत. ओवीला मोठेपणी सांगायला काहीतरी झालं.

सगळे विषय संपले तशी मी नम्रपणे विचारलं, “आता माझा विषय कधी घेणार?”

“कुठला?” नगराध्यक्षाबाई म्हणाल्या.

“तुलसी पार्कसमोरच्या गटाराचा. मी अर्ज दिलाय.”

बाबूकाकांनी चष्मा काढला. सावकाश पुसला. परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तो अर्ज तुमचा?”

“हो.”

“ताई, तुलसी पार्क कशावर उभं आहे?”

“कशावर म्हणजे? जमिनीवर.”

“खळ्याच्या माळावर. सहा वर्षांपूर्वी माझ्या बापाचं खळं होतं तिथे. कागदावर अजून तेच नाव आहे.” त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. सगळ्यांत वर माझाच अर्ज, माझ्याच अक्षरात. “हा अर्ज वाचून मी दोन महिने सगळ्यांच्या पाया पडलो. चौदा महिन्यांची मुलगी आहे असं लिहिलं होतं तुम्ही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

धरणीमाते, पोटात घे म्हणावं, तर तिथे टाइल्स!

मुख्याधिकारी साहेब, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, पहिल्यांदाच बोलले. “एक मिनिट. मॅडम, आपण कुठल्या प्रभागाच्या नगरसेविका?”

“मी? मी कुठली नगरसेविका! मी रहिवासी.”

शेजारच्या बाईंनी माझा हात सोडला. शिपाई भिंतीला चिकटला. कुणीतरी हळूच माझ्यापुढची बिस्किटांची बशी उचलून नेली.

पण मी शिकलेली ना! त्या अवस्थेतही डोक्यात दिवा पेटला. “साहेब, मी सदस्यच नाही, तर माझं मत रद्द होईल ना? मग विषय परत घ्या!”

साहेब सज्जन होते. ओरडले नाहीत. फार हळू आवाजात म्हणाले, “तुमचं मत रद्द होईल, ताई. पण तुमचं भाषण ऐकून ज्यांनी हात वर केले, ते सगळे रीतसर निवडून आलेले आहेत. आता काही महिने तरी हा विषय आणता येणार नाही.”

घरी कशी आले ते आठवत नाही. गेटपाशी जयाबेन उभ्या. ओवी खाली उतरायला धडपडत होती, आणि कुठल्या दिशेला ते सांगायला नकोच. मी तिला घेतलं आणि उन्हातच गटाराकडे पाठ करून उभी राहिले.

“बोललीस का?” जयाबेन म्हणाल्या.

“बोलले.”

“जोरथी?”

“माइकवरून.”

“मग? ऐकलं का कोणी?”

“हो ना जयाबेन,” मी म्हटलं, “सगळ्यांनी ऐकलं!”