नगरसेवकाचा पांढराशुभ्र सदरा

आभाळ सकाळपासून कुंद, वारा पडलेला. कपडे वाळायचे कधी, या घोरात निळीमावशी नळाखाली पिंप लावून बसली. पाणी आलं ते गटाराच्या सख्ख्या भावासारखं. तिनं नेहमीप्रमाणे त्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला आणि वरच्या निवळ पाण्यात नगरसेवकाचा सदरा धुतला. नीळ दिली, इस्त्रीनंच वाळवला. लोकांचे कपडे धुता धुता तिची नखंसुद्धा निळी झाली होती, नाव त्यावरूनच पडलेलं.

संध्याकाळी वॉर्डसभेत गल्लीनं गढूळ पाण्याच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. नगरसेवकानं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. छाती पुढे काढून म्हणाला, "हा सदरा बघा! तुमच्याच गल्लीत, तुमच्याच नळाच्या पाण्यात धुतलाय. दिसतोय एक तरी डाग? पाणी उत्तम आहे, बाटल्या विसळत जा!"

अधिकाऱ्यांनी सदऱ्याकडे बघून माना डोलावल्या. अख्खी गल्ली मावशीकडे वळून बघू लागली.

घरी सुनेनं तोंड सोडलं. "सासूबाई, नातीचं पोट थाऱ्यावर नाही आणि घरातली तुरटी त्या मेल्याच्या सदऱ्यात!"

"अगं, सदरा पिवळा गेला तर माझं नाव जाईल."

"मग नावच घाला वाळत!"

मावशी रात्रभर कूस बदलत राहिली. पुढचा सदरा तिनं थेट नळाखाली धुतला, चोरी करावी तसा, मान फिरवून. सदऱ्याला जुन्या पोत्याची कळा आली.

नगरसेवक तणतणत आला. "मावशी, हे काय? हा घालून मंत्र्यांपुढे उभा राहू?"

"साहेब, सदरा तुमचा, नळ तुमचा. मी नुसती गाठ घालून दिली."

"दुसऱ्या लाँड्रीत देईन!"

"द्या की. मग सभेत कुठल्या नळाचं पाणी सांगाल?"

तो पिवळट सदरा काखोटीला मारून चालता झाला. पण गल्लीत पोरंसोरं "आले पिवळेसाहेब" म्हणायला लागली, तेव्हा मजूर आले, गटारातून गेलेला फुटका पाइप निघाला आणि नवा बसला. त्याच्याही आधी फलक लागला होता: 'नगरसेवकांच्या अथक प्रयत्नांतून'. फोटोत सदरा पांढराशुभ्र.

"सासूबाई, तुमच्या हातचाच हो!" सून खिदळली.

मावशीनं डोळे बारीक केले. "कॉलर चुरगळलीय. घालायची अक्कल नाही."

नगरसेवकाचे कपडे नंतर आले नाहीत ते नाहीतच. मावशीनं पिंप भरलं. सवयीनं तुरटी उचलली, पिंपात वाकून पाहिलं. तळ दिसत होता. तुरटी फळीवर ठेवून तिनं शेजाऱ्याची चादर भिजत घातली.