भरिताच्या पंगतीतली प्रार्थना

त्या हिवाळ्यात माझी प्रार्थना पार कोरडी पडली होती. पहाटे चहाच्या आधी एक स्तोत्र, जेवणाआधी आभार, दिवेलागणीला गुडघे टेकणं, हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी घालून दिलेला नेम मी मोडला नव्हता. पण दारू सुटून फार काळ लोटला नव्हता. ओठ देवाचं नाव घ्यायचे आणि जीभ भलत्याच चवीची आठवण काढायची. एकदा मी वैतागून पाळकसाहेबांना विचारलं, "मन नसताना नुसतं बोलून देवाला काय मिळतं?" ते म्हणाले, "देवाचं देव बघेल. तुम्ही बसत जा." मला त्यांचा रागच आला.

माझ्या पिण्याला कंटाळून बायको लहान मुलीला घेऊन धुळ्याला माहेरी गेली होती. तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी समजूत घातल्यावर ती परत यायला तयार झाली. मात्र मी पुन्हा प्यायलो तर ती कायमची जाणार होती. ज्या रविवारी संध्याकाळच्या बसने ती जळगावला यायची होती, नेमकी त्याच दुपारी आमच्या वर्कशॉपची भरीत पार्टी ठरली.

पार्टी नानांच्या शेतावर होती. नाना आमच्यातले सर्वांत जुने मेकॅनिक, एरंडोलकडचे. दुपारी डबा उघडून मी डोळे मिटले की ते सगळ्यांना सांगायचे, "भाऊना डबा पहिले देव खास, मंग भाऊ!" म्हणजे माझा डबा आधी देव खातो, मग मी. थट्टेत माया असायची, म्हणून मीही हसायचो.

सकाळची उपासना आटोपून मी शेतावर पोहोचलो. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, मिरच्यांचा ठसका सुटला होता. विहिरीच्या आडोशाला पहिल्या धारेची दारूही आली होती. कोणीतरी स्टीलचा ग्लास माझ्या हातात दिला आणि मी नाही म्हटलं नाही. खरं सांगतो, मला ती हवीच होती. संध्याकाळी बायकोसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं, या धास्तीने मी अर्धा झालो होतो आणि त्यावर हेच औषध वाटत होतं. घोटभरच घेऊ, तोवर उतरेल. मनाला पळवाटा शिकवाव्या लागत नाहीत.

पंगत बसली. केळीच्या पानांवर भरीत आलं, पुऱ्या आल्या. अजून ओठाला न लावलेला ग्लास मी उचलला, तेवढ्यात वाढता वाढता नानांनी हाक दिली.

"थांबा रे बठ्ठा! भाऊनी प्रार्थना बाकी शे."

पुढे झालेले हात मागे आले. एकाने टोपी काढली, दुसऱ्याने विडी विझवली. ख्रिस्ती तिथे मी एकटाच, पण सगळी पंगत माझ्यासाठी थांबली होती. सवयीने माझे डोळे मिटले. "हे प्रभू, तू जे दिलंस, त्याबद्दल..." एवढं बोललो आणि पुढे शब्द फुटेना. पानावरचं त्याने दिलं होतं. हातातल्याचे आभार कसे मानू? मग ग्लास बाजूच्या मातीत रिकामा केला आणि आमेन म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना मिरची लागली असं वाटलं असेल.

विहिरीवर हात धुताना मी नानांना विचारलं, "नाना, तुम्हाला माझं सगळं कळलं होतं का?"

"काय कळनं?" ते गोंधळून म्हणाले. "तू प्रार्थना कऱ्याबिगर जेवस नही, इतलंच माले ठाऊक."

त्या दिवशी माझ्या अंगी भक्ती नव्हती, बळ तर नव्हतंच. ज्या प्रार्थनेला मी पोकळ म्हणत होतो, ती रोज बघून बघून एका माणसाच्या अंगवळणी पडली होती, आणि देवाने मला त्याच्याकडून थांबवलं. कसं, ते मी सांगू शकत नाही. मी फक्त आभार मानतो. मन लागो न लागो, तेव्हापासून बसतो. आपण बसावं, बाकी त्याच्यावर सोडावं.

संध्याकाळी स्टँडवर धुळ्याची बस आली. बायको उतरली, माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाला दारूचा वास येतो का ते तिने पाहिलं. मग तिने झोपलेली मुलगी माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ."