होडीतली ओटी

उंबऱ्याला ठेच लागेल म्हणून आमच्या घरात मला हात धरल्याशिवाय कोणी बाहेर सोडत नाही, आणि त्याच घरानं मला दौंडच्या बंधाऱ्यात बुडवलं.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला. गेला म्हणजे आहे, पण नुसता सोबतीला. दंड मात्र कुबड्यांनी असे घडवले की कोचमॅडमनी ते बघूनच मला होडीत बसवलं. ह्या होडीला कायाक म्हणतात. शेवग्याच्या शेंगेसारखी अरुंद! जांभई दिली तरी कलंडते. तिच्यात बसून दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत दोनशे मीटर जायचं. त्या दिवशी आम्हा अपंग बायकांची निवड होती. पहिल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला जाणार होत्या, आणि सरावात माझ्यापुढं एकच जण असायची. म्हणजे निवड पानात वाढलेलीच होती, फक्त खायची बाकी!

घरी मी काही बोलले नाही. (मी बोलतच नाही. साखर मागितल्यावर दुकानदारानं मीठ दिलं तरी गपचूप घेऊन येते.) पण आमच्या मालकांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी आपल्या आईला, म्हणजे आमच्या आत्याबाईंना सांगितलं, आणि सकाळी मांडवगण फराट्याहून अख्खा टेम्पो भरून माणसं आली.

मी होडीत बसलेली, मॅडमनी होडी धरलेली, आणि वरून सासूबाई ताट घेऊन उतरताना दिसल्या.

"आत्याबाई, ह्ये काय?"

"ओटी! सवाशीण पान्यात चालली, रिकाम्या ओटीनं जाऊ द्यायची व्हय? पदर कुठाय तुझा?"

पदर! अंगात टी-शर्ट, त्यावर फुगलेलं लाइफ जॅकेट!

"नसंना का. मांडीवर घे."

आणि त्यांनी ओंजळभर गहू, सुपारी, हळकुंड, खण आणि वर शेंडीचा नारळ माझ्या मांडीवर ठेवला. होडी डुचमळली.

मॅडम ओरडल्या, "मावशी, आधी तो नारळ काढा!"

"भरल्या ओटीतला नारळ काढू? तुमच्यात काढत असत्याल, मॅडम!"

तेवढ्यात मोठ्या जाऊबाई पुढं आल्या. सासूनं भरली आणि जावेनं नाही भरली, तर गावात तोंड कुठं दाखवायचं? आणखी गहू. आणखी एक नारळ! घरी मला पाण्याची कळशी उचलू देत नाहीत ("झेपायचं न्हाई गं तुला!"), आणि इथं दोन-दोन नारळ! कपाळाला इतकं कुंकू थापलं की डोळ्यांत उतरलं. आणि मी काय केलं? होडीतल्या होडीत वाकून दोघींना नमस्कार!

होड्या रेषेवर लावायचा पुकारा झाला. मॅडम कानात म्हणाल्या, "पुढं गेलीस की दे नदीत टाकून." मी नारळाला हात घातला, तोच काठावरून आत्याबाई गरजल्या, "ए! नदीची ओटी येगळी भरलीया! ती तुझी हाय!"

नारळ राहिले मांडीवर. शेजारच्या होडीत दोन्ही पाय नसलेली एक पोरगी होती. सरावात माझ्यापुढं असायची ती हीच. तिनं माझ्या मांडीकडं बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "ताई, बाजार करून आलात का?"

माझं डोकं असं भडकलं की भोंगा वाजताच मी पाणी बडवायलाच लागले. आत्याबाईंच्या नावानं एक, जाऊबाईंच्या नावानं एक, मालकांच्या नावानं दोन! एवढ्या जोरात मी कधीच गेले नव्हते. अर्ध्या वाटेवर मी सगळ्यांच्या पुढं! पण नारळ मांडीवरून घसरून होडीच्या पोटात गेले होते. ह्या बाजूला वल्हं मारलं की ते त्या बाजूला गडगडायचे. काठानं आमचा अख्खा टेम्पो धावत होता. धाकटे दीर बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "पळा वैनी, पळा!" (पळा! मला!)

शेवटाच्या खुणेचे लाल फुगे समोर दिसत असताना दोन्ही नारळ एकाच बाजूला गेले. मीही त्यांच्यामागं गेले.

मला पोहता येतं. अंगात जॅकेट होतं. आता सगळ्यांनी काठावर गप उभं राहायचं एवढंच काम होतं. पण मालकांनी कपड्यांसकट उडी टाकली. त्यांना पोहता येत नाही, हे त्यांना पाण्यात पडल्यावर आठवलं! मी माघारी पोहत गेले, त्यांची कॉलर धरली आणि मदतीची बोट येईपर्यंत नवरा तरंगत ठेवला. बोटीत आधी त्यांना घेतलं. टॉवेल त्यांना. चहा त्यांना. "बायकोसाठी जीव धोक्यात घातला हो!" म्हणत कोणीतरी त्यांच्या गळ्यात हार घातला. (तो हार माझ्यासाठी आणला होता!) आणि आत्याबाई डोळे पुसत भेटेल त्याला सांगत होत्या, "ओटी भरलीवती म्हणून वाचली गं माझी सून!"

 

निवड झाली ती बाजाराचं विचारणाऱ्या पोरीची, आणि सरावात माझ्या कितीतरी मागं असायची अशा एकीची. मी चिंब, केसांत गहू. मॅडम माझ्यावरच कडाडल्या, "एवढ्या माणसांत तुला एकदा तरी 'नको' म्हणता आलं नाही?"

"म्हणले की, मॅडम. चांगलं वरडून म्हणले. पण तवा मी पाण्याखाली व्हते."